वरचे पैसे कोणाचे?

वणीच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव चालतो तेव्हा भाव सगळ्यांच्या कानावर पडतो. ट्रॅक्टरजवळ मालक उभा असतो, व्यापारी बोली चढवत पुढे सरकतात आणि शेवटचा आकडा चार गावच्या माणसांसमोर फुटतो. हिशोबपट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई सारे लिहून मिळते. त्याच शेतकऱ्याने ज्या रानात तो कांदा पिकवला ते रान विकायला काढले, की कारभार एकदम बदलतो. भाव कोणी मोठ्याने बोलत नाही. घेणारा देणाऱ्याला भेटत नाही. मधला माणूस एका बाजूला एक आकडा सांगतो, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि दोघांनाही बजावतो, "समोरच्याशी पैशाचं बोलू नका, व्यवहार बिघडंल."

दिंडोरी तालुक्यात जमिनीला गिऱ्हाईक कमी नाही. द्राक्षाची बागायत आहे, ओझरखेड आणि करंजवणसारख्या धरणांचे पाणी आहे, सप्तशृंगीच्या गडाकडे आणि पुढे सापुताऱ्याकडे बारमाही वर्दळ आहे, आणि नाशिक शहर दरवर्षी थोडे जवळ येते आहे. एनए प्लॉट, फार्म हाऊस, हॉटेलसाठी रस्त्यालगतची जागा, असे काही ना काही शोधत लोक येत राहतात. त्यांना रान दाखवणारा माणूस बहुधा पाटी लावून बसलेला नसतो. कोणाचे खतांचे दुकान असते, कोणी पिकअप चालवतो, कोणी कधीकाळी ग्रामपंचायतीत निवडून आलेला असतो. मालक त्याला नाना किंवा अण्णा म्हणतो, लग्नकार्यात त्याच्या पंगतीला बसतो. म्हणूनच दलालीचे बोलणे जड जाते. आपल्याच माणसाला "तू किती घेणार?" हे विचारायचे कसे, या संकोचात इसार होऊन जातो.

साधा हिशेब मांडून पाहावा. समजा तीस गुंठे आहेत. मालकाला सांगितले, पन्नास लाख येतील. घेणाऱ्याला सांगितले, सत्तावन्नच्या खाली मालक ऐकत नाही. दोघांकडून ठरलेली दलाली एकेक टक्का, म्हणजे पन्नास हजार आणि सत्तावन्न हजार. ती उघड आहे, दोघेही ती खुशीने देतात. पण मधले सात लाख कोणाच्याच बोलण्यात नाहीत. सगळे मिळून मधल्या माणसाकडे आठ लाख सात हजार गेले, घेणाऱ्याने मोजलेल्या रकमेच्या चौदा टक्क्यांहून जास्त. मालक मात्र घरी सांगतो, नानाने एकच टक्का घेतला, माणूस चांगला आहे.

यावर बाजूने एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. मालकाला पन्नास हवे होते, पन्नास मिळाले. घेणाऱ्याला सत्तावन्न परवडले, म्हणून त्याने दिले. मग नुकसान कोणाचे? नुकसान असे, की सत्तावन्न लाख देणारा माणूस आपल्या दारापर्यंत आला होता, हे मालकाला कळलेच नाही. जो त्याच्या वतीने भाव करायला गेला होता, त्यानेच ते कळू दिले नाही. मालकाने तोंडभरून कबूल केले असते की पन्नासच्या वरचे तुझे, तर गोष्ट वेगळी होती. तशी कबुली घेण्याची सोय कायद्यातही आहे आणि व्यवहारातही होती.

या देशातला कराराचा कायदा 1872 चा. एजंटाने मालकाला हिशेब द्यावा, असे त्याचे कलम 213 सांगते. एजंटाने मालकाला अंधारात ठेवून त्याच कामात स्वतःच्या खात्यावर व्यवहार केला, तर त्यातला फायदा मालक मागू शकतो, असे कलम 216 सांगते. कामात गैरवर्तन केले तर त्या भागाच्या मोबदल्यावर एजंटाचा हक्क राहत नाही, हे कलम 220 मध्ये आहे. द्राक्षाच्या मळ्यातला व्यवहारही या कलमांच्या बाहेर नाही. फक्त कोर्टाची पायरी चढायची तर मधल्या माणसाशी काय ठरले होते ते दाखवावे लागते, आणि तिथे बहुतेकांचे हात रिकामे असतात.

ठरलेले दाखवता आले तर काय होते, याचा नमुना सर्वोच्च न्यायालयाच्या अगदी सुरुवातीच्या निकालांमध्ये आहे. कलकत्त्याच्या अमरतल्ला स्ट्रीटवरचे एक घर विकायचे होते. 5 मे 1943 रोजी मालकाने दलालाला पत्र लिहून दिले. एक लाख रुपयांना गिऱ्हाईक आणले तर हजार रुपये. किंमत एक लाखाच्या वर, एक लाख पाच हजारांपर्यंत गेली तर वरची सगळी रक्कम दलालाची. त्याहून जास्त आली तर त्या जास्तीच्या रकमेतला चौथा हिस्सा दलालाचा. मुदत एक महिना. वरचे पैसे दलालाने घ्यायचे, पण मालकाच्या सहीने. दलालाने एक लाख दहा हजारांना गिऱ्हाईक आणले. मालकाने त्याचा अधिकार काढून घेतला आणि पुढे त्याच गिऱ्हाइकांनी पुढे केलेल्या माणसांना घर एक लाख पाच हजारांना विकले. दलाल कोर्टात गेला. कलकत्ता उच्च न्यायालयात आधी जिंकला, अपिलात हरला. मार्च 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्थापन होऊन दोन महिनेही झाले नसताना, त्याच्या बाजूने कौल दिला: गिऱ्हाईक त्याने मिळवून दिले होते, सहा हजार रुपये त्याचे. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसेन मित्तर या नावाने तो निकाल वकिलांच्या पुस्तकांत आहे.

त्या निकालातली दुसरी बाजू वणीत तितकीच ओळखीची आहे. दलालाला टाळून परभारे खरेदीखत करणे. रान दलालाने दाखवले, पार्टी त्याने आणली, चार बैठका त्याच्या ओसरीवर झाल्या, आणि अखेरीस देणारा-घेणारा एकमेकांच्या कानाला लागले: दोन टक्के कशाला घालवायचे? मग दोघांनी सांगायचे की व्यवहार फिसकटला, आणि तीन महिन्यांनी गुपचूप दस्त नोंदवायचा. ही बुडवाबुडवी करणारे लोक समाजात प्रतिष्ठित म्हणून वावरतात. मजुराची मजुरी बुडवली तर गाव नाव ठेवते. दलालाची बुडवली तर त्याला व्यवहारचातुर्य म्हणते. हा दुटप्पीपणा आहे.

कारण या माणसाचे काम हलके नसते. सातबाऱ्यावर नावे बघायची, वारसांची नोंद राहिली असेल तर फेरफार करून घ्यायचा, बोजा चढला असेल तर सोसायटीचा दाखला आणायचा. मोजणीची तारीख मिळवायची, आणि मोजणीच्या दिवशी बांधावरचा शेजारी तंडायला उभा राहिला तर त्याची समजूत काढायची. रस्ता कोणाच्या गटातून येतो, विहिरीत हिस्सा किती, पाइपलाइन कोणाच्या बांधाखालून गेली, हे कागदावर कुठेच नीट नसते. ते त्याला माहीत असते. आणि बहिणींच्या सह्या. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिल्यापासून एकही बहीण सुटली तर खरेदी अडकते. एक कळवणला दिलेली, एक सिन्नरला, तिसरी दहा वर्षे माहेरी न आलेली. तिच्या दारात मोटारसायकलवर जाऊन बसणारा, "ताई, तुमचा वाटा किती निघतो ते आधी ऐका, मग सही करा" असे सांगणारा मध्यस्थ भावांपेक्षा तिच्या जास्त उपयोगी पडतो. तिथेच घाईघाईने अंगठा घेऊन जाणाराही मध्यस्थच असतो. दोघांची दलाली एकाच टक्क्याने मोजली जाते, हे खटकायला हवे. शिवाय व्यवहार मोडला तर पेट्रोलही अंगावर पडते.

म्हणून रास्त दलालीचा प्रश्न एक टक्का की दोन टक्के, एवढ्यावर संपत नाही. हा माणूस कोणाच्या वतीने बोलतो आहे, कोणाकोणाकडून घेतो आहे आणि ते दोघांनाही ठाऊक आहे का, हे आधी ठरायला हवे. ते ठरले, की टक्क्याची घासाघीस बिनदिक्कत करता येते. तीत कमीपणा काही नाही.

भाव उघड्यावर आणणे महाराष्ट्राला नवे नाही. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. त्याला हत्ता म्हणत. दलाल आणि व्यापारी यांचे हात कापडाखाली काय बोलले ते माल आणणाऱ्याला कळत नसे. नियंत्रित बाजारांनी हत्ता बंद केला आणि उघड लिलाव आणला. त्या नियंत्रणाची सुरुवात वऱ्हाडात झाली: 1886 मध्ये कारंज्याचा कापूस बाजार, 1897 मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा. पुढे जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा बदल केला. नाशिक जिल्ह्यात त्या महिन्यात कांद्याचे लिलाव बंद पडले, व्यापारी आणि शेतकरी आमनेसामने आले. पण आडत कोण देतो, किती देतो, कशाबद्दल देतो, हे प्रश्न चव्हाट्यावर मांडले गेले. कांद्याच्या आडतीसाठी एवढे भांडणारा जिल्हा जमिनीचा सौदा मात्र अजून रुमालाखाली करतो.

शहरातल्या फ्लॅटपुरता काही बंदोबस्त झाला आहे. 2016 च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली, हिशेबाच्या वह्या ठेवायला सांगितल्या. महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली, आणि ती पूर्ण न करणाऱ्या सुमारे 20,000 एजंटांची नोंदणी जानेवारी 2024 मध्ये स्थगित केली. दलालीचा दर मात्र त्या कायद्यात नाही. आणि शेतजमिनीचा किंवा गावातल्या जुन्या घराचा सौदा त्याच्या कक्षेतच येत नाही. वणीच्या नानाला कोणती परीक्षा नाही.

अमेरिकेत दलाली कोण कोणाला देतो, या गोष्टीवरून मोठा भूकंप झाला. तिथे घर विकणारा पाच-सहा टक्के कमिशन देई आणि त्यातला वाटा घेणाऱ्याच्या एजंटालाही जाई, तोही आधीच ठरल्यासारखा. ऑक्टोबर 2023 मध्ये मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या ज्यूरीने याला संगनमत ठरवून सुमारे 178 कोटी डॉलरची भरपाई लावली. मार्च 2024 मध्ये एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने 41 कोटी 80 लाख डॉलरवर तडजोड केली. 17 ऑगस्ट 2024 पासून घर दाखवायला नेण्याआधीच घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो, आणि त्यात एजंटाचा मोबदला आकड्यात लिहावा लागतो.

घर दाखवण्याआधी, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. रान पाहून मन बसल्यावर, टोकनचे पैसे खिशातून निघाल्यावर कोणाचीच घासाघीस खरी राहत नाही. वणीत त्यासाठी वकिलाच्या भाषेतला मसुदा लागत नाही. वहीच्या पानावर गट नंबर, अपेक्षित किंमत, दलाली किती, कोण देणार, कधी देणार, दलाल समोरच्याकडूनही घेणार का, वरचे पैसे आले तर कोणाचे, आणि दोघांच्या सह्या एवढे पुरे. टक्क्याऐवजी ठरीव रक्कमही रास्त ठरू शकते. एका मालकाच्या निर्वेध वीस गुंठ्यांना आणि सात वारसांच्या वीस गुंठ्यांना सारखी मेहनत पडत नाही. अर्धे इसाराच्या वेळी आणि अर्धे खरेदीखत नोंदल्यावर असे वाटून घेतले, तर व्यवहार शेवटपर्यंत नेण्यात त्याचेही हित गुंतते. पैसे बँकेतून गेलेले बरे. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेण्याला आयकर कायद्याने 1 जून 2015 पासून मनाई आहे, इसारही त्यात आला. आणि सौदा पक्का करण्याआधी देणारा-घेणारा एकदा समोरासमोर बसलेच पाहिजेत. त्या बैठकीला जो दलाल कारणे सांगत राहतो, त्याच्याकडे लपवायला काहीतरी असते.

काही व्यवहारांत दलाली किती हा प्रश्नच गैरलागू असतो. दिंडोरी तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, विधानसभेची जागाही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्रीला शासनाची पूर्वमान्यताही. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 चे बंधन आहे. ऑगस्ट 2023 पासून तुकड्याची किमान मर्यादा बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे आहे. हे सगळे ठाऊक असूनही स्टॅम्पपेपरवर ताबा लिहून देणारे, "पुढं बघू, नावावर करून देऊ" म्हणणारे मध्यस्थ आहेत, आणि ते साधारण दरापेक्षा जास्त दलाली मागतात. जास्तीचे पैसे जोखमीचे, असे त्यांचे म्हणणे. जोखीम मात्र सगळी दुसऱ्यांच्या गळ्यात पडते: घेणाऱ्याचे पैसे अडकतात, आदिवासी कुटुंबाचे रान जाते, आणि दहा-पंधरा वर्षांनी तलाठ्याकडे सातबारा काढायला गेलेल्या पोरांना कळते की जमीन कसतो कोण आणि कागदावर नाव कोणाचे. अशा जमिनीसाठी पार्टी घेऊन आलेल्याला "हे होणार नाही, मी यात पडत नाही" म्हणून परत पाठवणारे मध्यस्थही याच तालुक्यात आहेत. त्यांना त्या दिवसाचे कोणी काही देत नाही. पुढच्या वेळी सरळ कागदाचे रान विकायचे असेल, तर पहिला फोन त्यांना करावा आणि त्यांनी सांगितलेल्या दोन टक्क्यांत फार ओढाताण करू नये.