घासांचा जमाखर्च

हा अंक आपल्या एका हाती येईल तेव्हा दुसऱ्या हातात बहुधा चकली असेल. ती खुशाल खावी. सणासुदीला कोणाच्या तोंडचा घास कडू करण्याचा माझा हेतू नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की आपण जे खातो त्याचा हिशेब ठेवावा काय, आणि ठेवला तर तो द्यावा कोणाला?

हा प्रश्न माझ्या घरात शिरला तो डॉक्टरांच्या दारातून. रक्तात साखर निघाली, तेव्हा त्यांनी गोळ्यांच्या आधी एक वही सांगितली. काय खाल्ले, किती, केव्हा, भूक होती की नुसतीच तल्लफ, हे खाल्ल्याबरोबर लिहायचे. रात्री आठवून नव्हे. आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरची माणसे. आमच्याकडे जेवण म्हणजे भात, आणि भाकरी तीही तांदळाचीच. वालाचे बिरडे, कुळथाची पिठी, बांगड्याचे कालवण ही सारी वऱ्हाडी मंडळी. नवरदेवालाच तराजूत बसवायचे म्हटल्यावर मांडवात गोंधळ उडायचाच!

शिवाय आमची मापे वहीला मानवत नाहीत. घास, चतकोर, नितकोर, मूद ही मापे मायेची. ‘अजून थोडा घ्या’ यातला ‘थोडा’ किती ग्रॅमांचा? आणि आग्रहाचा रकाना तर कोणत्याच वहीत नसतो. म्हणून पुष्कळांना ही वही एखाद्या चिक्कू कारकुनासारखी वाटते. अन्न हे पूर्णब्रह्म; ब्रह्माचा कसला जमाखर्च, असे ते विचारतात.

त्यांना मी आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचा दाखला देतो. विनोबा भावे १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मले. १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईला शिकायला गेले, आणि १९१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी गांधीजींना पत्राने त्या काळाचा हिशेब कळवला. काय शिकलो, किती चाललो, याबरोबर काय खातो तेही त्यात आहे: दूध, ज्वारीच्या दोन भाकऱ्या, चार-पाच केळी, मिळाल्यास एखादे लिंबू. एवढाही आहार त्यांना चैनीचा वाटत होता, आणि आश्रमात परतल्यावर तो गांधीजींच्या विचाराने ठरवण्याची त्यांची तयारी होती.

त्या पत्रातली विरक्ती आपणा संसारी माणसांना पेलायची नाही. मला मोल वाटते ते त्याच्यावरच्या पत्त्याचे. हिशेब कोणाच्या तरी नावे लिहिला आहे, आणि ज्याच्या नावे लिहिला तो मायेचा माणूस आहे.

मी शाळामास्तर. वही तपासली जाणार हे कळले की मुलांचे अक्षर सुधारते. पण मास्तर छडी घेऊन तपासणार हे कळले की उत्तरे शेजाऱ्याची उतरतात. खाण्याच्या वहीचेही तसेच. कोणीच वाचणार नसेल तर दोन लाडवांचा अर्धा लाडू होतो. उलट, आपणच आपले फौजदार झालो तर प्रत्येक घास गुन्हा ठरतो. हा दुसरा रोग पहिल्याहून वाईट. कोवळी मुलेमुली आकड्यांच्या धास्तीने जेवणच टाकतात. २००८ साली अमेरिकेत सुमारे १७०० माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन, नोंद न ठेवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट घटले. पण ही माणसे एकेकटी लिहीत बसली नव्हती. दर आठवड्याला ती एकत्र जमत. मला तेच महत्त्वाचे वाटते.

आमच्या घरी मी वही वाचून दाखवू लागलो, तेव्हा पत्नीनेही आठ दिवस आपली वही लिहिली. माझ्या वहीत पदार्थांची नावे होती. तिच्या वहीत असे होते: ‘सकाळी मुलाने टाकलेली अर्धी पोळी. दुपारी अडीच, उरलेला भात. आमटी संपली म्हणून ताक. रात्री पातेल्यातली खरवड.’ खाऊन माजावे पण टाकून माजू नये, ही म्हण आपण सगळेच सांगतो. ती पाळते कोण, हे त्या आठ पानांवर लिहिलेले होते. साखर माझ्या रक्तात निघाली म्हणून वही माझ्यासाठी आली. तिच्या अंगात काय कमी आहे, हे तोवर कोणी तपासलेच नव्हते. आता आम्ही तांदूळ मोजून धुतो आणि पाने एकदमच मांडतो. उरते कमी, आणि उरलेच तर ते सगळ्यांना वाटून वाढले जाते.

मनुष्य काय खातो ही त्याची खासगी बाब आहे, असे म्हणण्याची हल्ली रीत आहे. मला ते पटत नाही. एकाच पातेल्यातून चार पाने वाढली जातात. एकाचा वाढीव घास दुसऱ्याच्या पानातून जाऊ शकतो. म्हणून वही ठेवावी, पण ती एकट्याची नसावी, घराची असावी. रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती एकमेकांना वाचून दाखवावी. हसावे, रागवू नये. दिवाळीची चार पाने करंज्या-शेवांनी भरतील, तर भरू द्यावीत. फक्त ‘उरलेले’ हा शब्द कोणाच्या नावापुढे किती वेळा येतो, तेवढे मोजावे. बाकीची मोजदाद डॉक्टर करतील.