गोळी, पाणी आणि अमानत

मनोरुग्णाला त्याच्या नकळत औषध द्यावे काय? हा प्रश्न डॉक्टरांच्या परिषदेत शोभेल असा वाटतो. पण तो खरा स्वयंपाकघरातला आहे.

आमच्या नात्यातील एका घरात तो चहाच्या कपात उभा राहिला. थोरल्या मुलाला डॉक्टरांनी लिथियम दिले होते. "मी काही वेडा नाही," म्हणून तो गोळी थुंकून टाकी. अखेर अम्मी ती कुटून चहात घालू लागल्या. मुलगा शांत झाला, दुकानात बसू लागला. साऱ्यांनी अल्लाहचे शुक्र मानले. २०१९ चा रमजान मे महिन्यात आला. त्याने रोजे धरले. दुसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, हात थरथरू लागले, पाय लटपटू लागले, जीभ जड झाली. घरच्यांना वाटले, ऊन लागले. वॉर्डातील सिस्टरने विचारले, "औषध कोणते चालू आहे?" अम्मी गप्प. तिने पुन्हा विचारले, तेव्हा त्या रडू लागल्या.

लिथियमचा हिशेब पाण्याशी बांधलेला असतो. शरीरातील पाणी आणि मीठ घटले की मूत्रपिंड मीठ राखू पाहते आणि त्याबरोबर लिथियमही राखून ठेवते. रक्तातील उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे. म्हणून शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त तपासावे लागते. मूत्रपिंड आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवावे लागते. घाम, जुलाब, उपास, अंगदुखीची काही साधी औषधेसुद्धा पातळी वाढवू शकतात. आता पाहा, ज्याला आपण औषध घेतो हेच ठाऊक नाही, तो रक्त तपासायला हात पुढे कसा करील? पाणी का प्यायचे, हे त्याला कोण सांगणार? शरियतने आजाऱ्याला दिलेली रोजाची सवलत त्याने घ्यावी तरी कशी, जेव्हा तो आजारी आहे हेच त्याच्यापासून लपवलेले आहे? चोरून दिलेली गोळी माणसाची संमती हिरावते, हे तर झालेच. पण स्वतःला जपण्याचे ज्ञानही हिरावते.

याच जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, तेव्हा हे गाव दुष्काळाने आणि दारूने खचलेले होते. गावात एकच मुसलमान कुटुंब असताना गावकऱ्यांनी त्याच्यासाठी मशीद बांधली, म्हणून आपल्याला ते जवळचे. पण मला तिथला पाण्याचा ताळेबंद अधिक शिकवून जातो. पाऊस किती पडला हे मोजायचे, हिशेब ग्रामसभेपुढे ठेवायचा, मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. शेतीला बोअरवेल नाही, ऊस नाही. बंधने कडकच आहेत. परंतु हिशेब उघडा आहे. मन मारून का होईना, माणूस ते बंधन पाळतो, कारण ते का आहे हे त्याला सांगितलेले असते.

कोणी म्हणेल, गावकरी शुद्धीवर असतो. ज्याला आपला आजारच पटत नाही त्याच्यापुढे कसला ताळेबंद मांडता? आक्षेप खरा आहे. आजाराच्या भरात समज हरपते. पण विहिरीच्या पाण्यासारखी ती खाली जाते, तशी वरही येते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ मध्ये लागू झाला, हेच धरून चालतो. समज नाही असे दिसून येईपर्यंत ती आहे असे मानावे. आजार, उपचार आणि त्यांचे दुष्परिणाम यांची माहिती हा रुग्णाचा हक्क. जिवावर बेतले असता तातडीच्या उपचारांची मुभा आहे, पण ती ७२ तासांची. म्हणजे सक्ती करायचीच झाली तर उघडपणे आणि मुदत घालून करायची. उघड सक्तीविरुद्ध माणूस दाद मागू शकतो. फसवणुकीविरुद्ध मागणार कशी?

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील एका खाजगी आश्रयस्थानात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. साखळी डोळ्यांना दिसते, चहातील गोळी दिसत नाही. अम्मींची माया आणि तिथला साखळदंड मी एका तराजूत घालणार नाही. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: याला विचारायचे काय!

अम्मींना दोष देणे मात्र सोपे आहे. त्यांना दुसरी वाट कोणी दाखवली? शेजाऱ्यांना कळू नये ही धास्ती होती, मुलाच्या लग्नाची काळजी होती. ती वाट दाखवली त्या सिस्टरने. मुलगा सावरल्यावर ती त्याच्याजवळ बसली. गोळीचे नाव सांगितले, कशासाठी ते सांगितले, आणि मग विचारले, "तुम्हाला तिचा त्रास काय होत होता?" आजवर कोणी विचारले नव्हते. तहान फार लागे, हात कापे, हिशेब लिहिताना लाज वाटे. तिने ते लिहून घेतले, डॉक्टरांना सांगितले. पाणी व मीठ नेहमीसारखे ठेवा, उलटी-जुलाब झाल्यास लगेच या, रमजान येण्याआधी भेटा, एवढे तिने समजावले. शुश्रूषा म्हणजे गोळी घशाखाली उतरवणे नव्हे. नकारामागचे कारण ऐकणे हा तिचा अर्धा भाग आहे.

आपण अमानतीची गोष्ट नेहमी पैशासंदर्भात करतो. आजारी माणूस दुसऱ्याच्या हातून अन्नपाणी घेतो तो विश्वास याहून मोठी अमानत आहे. त्यात खयानत झाली तर नियत नेक होती, एवढ्याने ती भरून निघत नाही.

तो मुलगा आता गोळ्या स्वतः घेतो, रक्तही तपासून घेतो. डॉक्टरांशी बोलून रोजे सोडले आहेत, फिदिया देतो. घरात भांडण उरलेले नाही. चहा मात्र अजून तो स्वतःच करून घेतो.