सावित्रीचे मागणे

देवाकडे मागावे की मागू नये, हा भारतीय विचारातला जुना वाद. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, तर पुराणे पानोपानी वर देत सुटतात. या वादात सावित्रीची कथा वेगळी उठून दिसते, कारण तिथे मागणाऱ्याची बुद्धी पणाला लागलेली आहे.

महाभारताच्या वनपर्वात ही कथा मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सांगतात. मद्र देशाचा निपुत्रिक राजा अश्वपती सावित्री देवीची अठरा वर्षे उपासना करतो आणि तिच्या प्रसादाने झालेल्या मुलीला तिचेच नाव देतो. म्हणजे नाव मूळचे देवतेचे. पुढे ही मुलगी सत्यवानाला वरते. तो वर्षभरात मरणार, असे नारद सांगतात. तरी ती निवड बदलत नाही.

यम सत्यवानाचा प्राण घेऊन निघतो तेव्हा ती मागोमाग चालू लागते. रडत-भेकत नव्हे, तर धर्मावर आणि सज्जनांच्या संगतीवर बोलत. तिच्या बोलण्यावर खूश होऊन यम वर देतो, पण दर वेळी अट घालतो: याचा जीव सोडून काहीही माग. ती आंधळ्या सासऱ्याची दृष्टी मागते, मग त्याचे गेलेले राज्य, मग आपल्या वडिलांना शंभर पुत्र. चौथा वर सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्रांचा. यम तोही देऊन बसतो! पाचव्या वेळी अट घालायची राहते आणि सावित्री तेवढ्यावरच नेमके बोट ठेवते. पती नसेल तर चौथा वर खोटा पडेल, आणि धर्मराजाचा शब्द तर खोटा पडता कामा नये. कठोपनिषदातला नचिकेताही यमाकडे पहिला वर वडिलांचा राग शांत व्हावा म्हणून मागतो, पण दीर्घायुषी पुत्रपौत्र आणि धन देऊ केल्यावर ते नाकारून मृत्यूपलीकडचे ज्ञान धरतो. सावित्रीला संसार हवा आहे आणि त्याची तिला लाज नाही.

महाराष्ट्रात ज्येष्ठ पौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळून सात जन्मी हाच पती मिळावा असे मागतात. वनपर्वातल्या सावित्रीने पुढच्या जन्मांचे काहीच मागितलेले नाही. तिला याच जन्मातला सत्यवान हवा होता. व्रतात मागणे लांबले आणि यमाला निरुत्तर करणारा युक्तिवाद मात्र गळाला. ‘जन्मसावित्री हो’ या आशीर्वादातही उरले ते अखंड सौभाग्यच.

चित्रपटाने ही कथा फार लवकर उचलली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ काढला आणि १९१४ मध्ये ‘सत्यवान सावित्री’. दोन्ही वरदानाच्याच कथा. एकीत वर मागणारा स्वतःच्याच हाताने भस्म होतो, दुसरीत मागणारी मेलेल्याला परत आणते. पुढे १९३७ मध्ये बॉम्बे टॉकीजनेही ‘सावित्री’ काढला. त्यात देविकाराणी आणि अशोककुमार होते. गाण्यात मागण्याचा सर्वांत व्यापक नमुना म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शेवटचे पसायदान. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात लता मंगेशकरांच्या आवाजाने ते घरोघरी पोचवले. त्यातला क्रम बघण्यासारखा आहे: आधी दुष्टांचा वाकडेपणा जावो, मगच ज्याला जे हवे ते मिळो. इच्छापूर्तीतला धोका ज्ञानेश्वरांनी असा आधीच काढून टाकला आहे. भस्मासुराच्या बाबतीत शंकराने एवढी काळजी घेतली नव्हती.

या नावाची इतिहासातली सर्वांत मोठी मानकरी म्हणजे ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई आणि जोतीराव या दांपत्याने १८६३ मध्ये फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. सौभाग्याचे प्रतीक झालेले नाव धारण करणाऱ्या बाईने सौभाग्य गमावलेल्यांसाठी दार उघडले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे अग्नीचे मडके, सावित्रीबाईंनीच धरले, असे चरित्रकार सांगतात. पुढे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी चालू ठेवले आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्या गेल्या.