वाकळीची निवड

वाचक माउली, वाकळ शिवली जात असताना आपण कधी जवळ बसला आहात काय? कोणी तिला गोधडी म्हणते. आमच्या शिरड शहापुरात वाकळच म्हणतात. शिवणे हे नंतरचे काम. आधी चिंध्यांचे गाठोडे सोडायचे आणि निवडायला बसायचे. मी लग्न होऊन या गावी आले, तेव्हा पहिला उन्हाळाभर सासूबाईंनी माझ्या हाती सुई दिली नाही. "निवडता आलं की शिवता येतंच," असे त्या म्हणत.

निवडण्याची रीत अशी. धडपा उजेडापुढे धरायचा. विरला असेल तर लगेच दिसतो. मग दोन्ही हातांनी ताणून पाहायचा. टिकला तर तो वरच्या अंगाला. फाटू लागला तरी फेकायचा नाही. तो आत, दोन लुगड्यांच्या मध्ये घालायचा. तिथे त्याच्यावर ओढ पडत नाही, आणि थंडीत ऊब देतो तो तोच. सुती कापड एकीकडे ठेवायचे, टेरिकॉट दुसरीकडे. कोरे कापड असेल तर आधी भिजवून वाळवायचे. नाही तर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडते. हूक, बटणे आणि जाड शिवणी तेवढ्या काढून टाकायच्या, कारण त्या निजणाऱ्याला टोचतात. आमच्याकडे हळदीचे पीक मोठे. हळद शिजवताना अंगावरचे कपडे पिवळे होतात, ते डाग कधी जात नाहीत. डागाला मात्र सासूबाई दोष मानीत नसत. म्हणत, "डागानं थंडी वाजत नाही."

आता माझा प्रश्न असा आहे. ही सगळी निवडानिवड म्हणजे भेद करणे नव्हे काय? हे वर, ते खाली. हे आत, ते बाहेर. आपण वारकरी तर भेद मानीत नाही. वाळवंटात कोणीही कोणाच्या पायी लागतो, वय पाहत नाही की जात पाहत नाही. मग निवडणाऱ्या हाताला काय म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर मला पोथीत मिळाले नाही. माझ्याच हातून घडलेल्या एका गोष्टीने ते दिले. ती गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्या शेतावर एक सालगडी होते. वयाने माझ्या वडिलांएवढे, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. संध्याकाळी हरिपाठाला ते माझ्या सासऱ्यांच्या शेजारी टाळ घेऊन उभे राहत. पण त्यांची वाकळ वेगळी असे. गोठ्यातल्या खुंटीवर ती टांगलेली असायची. तिच्यासाठी गाठोडेही वेगळे होते. घरच्या गाठोड्यातले निवडून जे उरे, ते त्यात जाई. हे कोणी ठरवले, कधी ठरवले, मी कधी विचारले नाही.

एका उन्हाळ्यात मी ओसरीवर चिंध्या निवडत होते. त्यांच्या जुन्या धोतराचा एक धडपा घरच्या ढिगात आला होता. मी तो उजेडापुढे धरला नाही की ताणून पाहिला नाही. चिमटीत धरला आणि बाजूला टाकला. मान वर केली तर ते अंगणात उभे होते. शांतपणे म्हणाले, "धाकल्या बाई, ते धडपं अजून टणक हाय."

एवढेच बोलले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. पुढच्या पाडव्याला त्यांनी आमच्याकडे साल धरले नाही. कारण तेच होते की दुसरे, हे मला ठाऊक नाही. मी विचारायला गेले नाही, हे मात्र ठाऊक आहे. पुढे ते वारले. आता विचारायलाही कोणी नाही.

माउली, त्यांनी माझ्यावर आरोप केला नव्हता. त्यांनी फक्त निवडण्याची रीत आठवून दिली होती. सासूबाईंनी शिकवलेले सगळे प्रश्न कापडाला विचारायचे होते: तू किती विरलास, तू आटशील काय, तू कोणाला टोचशील काय, तुला कुठे ठेवले म्हणजे तू टिकशील? मी त्यातला एकही विचारला नाही. मी विचारले ते, तू कोणाच्या अंगावरून आलास? पहिल्या प्रश्नांना विवेक म्हणतात. शेवटच्याला भेद. हात तोच, ढीग तोच. प्रश्न बदलला की पुण्याचे पाप होते.

आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की या बाबतीत दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. नरसी हे नामदेवरायांचे गाव परंपरा सांगते ते इथलेच, आणि विसोबा खेचरांकडून त्यांना बोध झाला ते औंढा नागनाथ आमच्याच तालुक्यात. नामदेवराय जातीने शिंपी. कापड निवडणाऱ्यांच्या घरातले. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले, ते शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ साली. परंपरा सांगते की नामदेवराय त्या ढिगाऱ्यापाशी गेले. तिथे हाडे पुष्कळांची होती. चोखोबांची कशी ओळखायची? त्यांनी एकेक हाड कानाशी लावले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते उचलले. मग पंढरीत महाद्वारासमोर समाधी झाली.

पाहा, ही सुद्धा निवडच आहे. जगाने ज्याला गावकुसाबाहेर टाकले, त्याच्यासाठी शिंप्याचा मुलगा ढिगाऱ्यात बसून निवडतो, आणि कापडाचा पोत पाहावा तसा आतला पोत पाहतो. पण हेही विसरू नये की ज्या दारासमोर ती समाधी आहे, ते दार चोखोबांच्या लोकांना उघडायला सहाशे वर्षे लागली. १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा ते उघडले. कथा आपण दरवर्षी कीर्तनात ऐकत होतो. गाठोडी मात्र वेगळीच ठेवत होतो.

कोणी म्हणेल, मग काहीच टाकू नये काय? टाकावे. हूक टाकावाच लागतो. आपला पंथही माळ घालताना अट सांगतो: मद्य-मांस सोडावे, परनिंदा सोडावी. पण ती अट टोचणाऱ्या आचरणाला आहे, जन्माला नाही. आणि ती आधी स्वतःच्या शिवणी उसवून पाहण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या नव्हे. विरलेल्याला मात्र टाकू नये. म्हातारा, आजारी, एकदा चुकून पडलेला माणूस, यांना ओढ पडणार नाही अशी आतली जागा द्यावी. त्यांची ऊब आपल्याला लागतेच.

गाडगेबाबा अंगावर चिंध्यांचे वस्त्र घालत. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्याच बाबांनी पंढरपुरात चोखोबांच्या नावाने धर्मशाळा बांधली. ज्याने चिंधी अंगाला लावली, त्याला चिंधी कोणाची हे विचारावेसे वाटले नाही.

आता गड्याची वाकळ पुष्कळ घरांतून गेली. विकतची ब्लँकेटे आली. पण माउली, एकदा आपल्या घरात फिरून पाहा. कोणाचा कप वेगळा आहे काय? कोणाला बसायला वेगळी सतरंजी निघते काय? कोणाचे नाव निघाले की आपण उजेडापुढे न धरताच बाजूला टाकतो काय? खुंटी बदलते, गाठोडे तसेच राहते.

मी अजून दर उन्हाळ्यात वाकळ शिवते. डोळे अधू झाले. सुई नात ओवून देते. प्रत्येक धडपा उजेडापुढे धरते आणि ताणून पाहते. तो एक धडपा परत मिळणार नाही. धावदोरा कडेने निघून फिरत फिरत मध्यावर येतो, तेव्हा मी दोऱ्याला गाठ मारते आणि मनात त्यांना सांगते, तुम्ही म्हणालात ते खरे होते.

रामकृष्णहरी.