रक्तातले सत्य आणि शब्दांचा आधार

लग्न जुळवताना आपण गोत्र विचारतो, पत्रिका दाखवतो आणि मुलाच्या पगाराची चौकशी आडून आडून करतोच. आता त्यात रक्ततपासणीच्या कागदाची भर पडली आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले; गुजरातेत हे काम २००६ पासूनच चालू आहे. २०१३ पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच असलेल्या छोटाउदेपूरच्या आदिवासी गावांत आणि सीमेपलीकडे नंदुरबारच्या पाड्यांवर या आजाराची ओळख जुनी आहे. शहरातल्या पांढरपेशा घरांना मात्र तो ‘त्यांचा’ आजार वाटतो. पण त्याचाच भाऊबंद असलेला थॅलेसेमिया जातपात विचारत नाही.

यामागचे गणित आम्ही दहावीच्या वर्गात मेंडेलच्या वाटाण्यांवरून शिकवतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. फळ्यावर हे चार चौकोनांत मावते. संसारात मावत नाही. ‘पहिले आजारी निघाले, म्हणजे आता पुढची तिन्ही चांगली,’ असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो. तो खोटा आहे. निसर्ग मागचे खाते उघडून पाहत नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते.

म्हणूनच अशा कुटुंबांसाठी जनुकीय समुपदेशनाची वाट निघाली. अमेरिकेतील शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये या कामाला हे नाव दिले. या क्षेत्रात पुढे एक दंडक रूढ झाला : समुपदेशकाने माहिती द्यावी, निर्णय देऊ नये. वंशशुद्धीच्या नावाखाली त्या काळात जगाने जे अत्याचार पाहिले, त्यानंतर हा संयम आवश्यकच होता. मूल कोणाला व्हावे हे तज्ज्ञाने ठरवू लागावे, यासारखा धोका नाही.

परंतु येथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यानंतर होते, अहवालाला आणखी काही दिवस लागतात. गर्भपाताचा १९७१ चा कायदा गर्भात गंभीर व्यंग असल्यास परवानगी देतो, आज्ञा देत नाही. अशा वेळी त्या स्त्रीने ‘डॉक्टर, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते?’ असे विचारले आणि ‘निर्णय तुमचा’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो तिच्या स्वातंत्र्याचा सन्मान झाला, की तिला भर चौकात एकटे सोडून देणे झाले?

माझ्या मते तटस्थता निर्णयापुरती असावी, माणसापुरती नसावी. ‘काय करू’ याचे उत्तर देता आले नाही, तरी ‘तुम्हाला कशाची भीती वाटते’ हे विचारता येते. आजारी मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते म्हणजे काय, हे ते दिवस काढलेल्या आईबापांकडून ऐकण्याची सोय करता येते. आणि निर्णय कोणताही होवो, त्यानंतरही दार उघडे आहे हे सांगता येते.

दुसरी गोष्ट दोषाची. आजारी मूल जन्मले की ‘हिच्या माहेरचे रक्त’ हे वाक्य आधी येते. वस्तुतः थॅलेसेमिया मेजरमध्ये निम्मा वाटा बापाचा असतोच असतो. आणि तो वाटासुद्धा दोष नव्हे. जे आपण निवडले नाही, त्याचा अपराध कसला? समुपदेशनाला सासू-सासऱ्यांनी सोबत बसावे, ते यासाठी.

येथे भाषेचाही प्रश्न आहे. आपण दवाखान्यात गुजराती बोलतो, अहवाल इंग्रजीत वाचतो आणि रडतो मात्र मराठीत. ‘थॅलेसेमिया मायनर’ ऐकून कोणी ‘किरकोळ आजार’ समजतो, तर कोणी ‘वाहक’ म्हणजे रोगी समजून मुलीचे लग्न मोडतो. वाहक हा बहुधा धडधाकट माणूस असतो. जोडीदार वाहक नसेल, तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. मोडायचे असेल तर मौन मोडावे, लग्न नव्हे. त्यासाठी तपासणी मुलाचीही आणि लग्न ठरण्यापूर्वीच व्हावी.

मग हे सत्य भावंडांना सांगावे की नाही? डॉक्टरने परस्पर सांगू नये; गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. पण रक्त सामाईक असेल तर त्याविषयीचे ज्ञान केवळ आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा हक्क आपल्याला कितपत आहे? बहिणीला वेळेत सांगितलेला एक शब्द तिच्या पुढच्या पिढीचे दुःख टाळू शकतो. माणूस गप्प राहतो तो दुष्टपणाने नव्हे, तर चार लोक काय म्हणतील या भीतीने. आणि ते चार लोक म्हणजे आपणच असतो.

सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला. लग्नाचे वय कायद्याने ठरवता येते, तपासणीही सरकारला करता येते. परंतु वाहक मुलीला सून म्हणून निःशंकपणे घरात घेण्याचे धैर्य कोणत्याही गॅझेटात छापून येत नाही. ते ज्याच्या त्याच्या उंबरठ्यावरच सिद्ध व्हावे लागते.