उत्स्फूर्ताचा रियाज

"मी काही तयारी करून आलेलो नाही," अशी ज्या भाषणाची सुरुवात होते, ते वक्त्याने आठ दिवस आरशासमोर घोकलेले असते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यातली ‘आयत्या वेळी’ सुचलेली कोटीसुद्धा आधी तीन लग्नांत सुचून गेलेली असते. त्यामुळे शेफील्डला असलेला आमचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, मी हल्ली लाइव्ह कोडिंग करतो, सगळं आयत्या वेळी," तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की "पाठ किती करून जातोस?"

प्रकार असा आहे. वादक संगणक घेऊन व्यासपीठावर येतो आणि लोकांसमोर प्रोग्राम लिहू लागतो. एक ओळ लिहिली की ढोल सुरू. तिच्यातला एक आकडा बदलला की लय दुप्पट. २००४ साली या मंडळींनी हांबुर्गला ‘टॉपलॅप’ नावाची संघटना काढली. तिच्या जाहीरनाम्यात एक मागणी आहे, की वादकाचा पडदा सगळ्यांना दिसला पाहिजे. तो काय टाइप करतो, काय खोडतो, सगळे मागच्या भिंतीवर. (आपल्या वक्त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या अशा भिंतीवर दाखवायच्या ठरल्या, तर निम्म्या व्याख्यानमाला पहिल्याच दिवशी आटोपतील.) मेक्सिको सिटीत तर कोऱ्या पडद्यापासून सुरू करून ९ मिनिटांत संपवायचे, अशी पद्धत पडली.

आता सगळे तिथल्या तिथेच सुचायचे, तर घरी रियाज कसला करायचा? आणि केला, तर ते उत्स्फूर्त कसले?

निक कॉलिन्स आणि फ्रेड्रिक ओलोफसन या दोघांनी हे करूनच पाहिले. महिनाभर रोज कोऱ्या पडद्यावर बसायचे. कॉलिन्सने २००७ साली त्यावर निबंध लिहिला, तोही ‘क्लिक निल्सन’ या नावाने. स्वतःच्याच नावाची इंग्रजी अक्षरे हलवून केलेले नाव! त्याला मात्र तयारी लागली असणार.

आपल्याला यात नवल वाटू नये. तबलजी कायदा वर्षानुवर्षे घासतो आणि पलटे मैफलीत सुचतात. भाचा वापरतो ते ‘टायडल’ ॲलेक्स मॅक्लीनने केले. त्यातल्या बोल लिहिण्याच्या पद्धतीवर ‘बोल प्रोसेसर’ची छाप आहे. आणि तो प्रोसेसर बर्नार्ड बेल आणि जेम्स किपन यांनी १९८० च्या दशकात लखनौच्या उस्ताद अफाक हुसेन खाँसाहेबांच्या कायद्यांवर घडवला. म्हणजे लखनौचा तबला शेफील्डला पोचला, तो असा वळसा घेऊन.

पण एक फरक आहे, आणि खरी गोम तिथे आहे. गवयाचा रियाज गळ्यात राहतो. याचा फाइलीत राहू शकतो. काल जमलेली तान गवयाला आज पुन्हा कमवावी लागते. भाच्याला कालची ओळ नुसती चिकटवायची असते.

"मी पुसून टाकतो," तो म्हणाला.

"अरे, चांगलं झालं तरी?" मामी मधेच.

"चांगलं झालं तर आधी पुसतो, मामी. नाहीतर उद्या तेच वाजवतो."

दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी ती बाई. तिला रात्री झोप लागली नाही.

मग शिकतो तरी काय? तो म्हणाला, वाट पाहायला. सतारीवर बोट फिरले की सूर निघतो. इथे सुचणे आणि वाजणे यांच्यामध्ये अर्धा मिनिट टायपिंग असते. तेव्हा अर्ध्या मिनिटाने काय ऐकावेसे वाटेल, ते आत्ता ओळखायचे. एखादा कंस राहिला तर नवी ओळ चालत नाही, जुनाच ठेका वाजत राहतो. लोक भिंतीवरची चूक वाचतात. अशा वेळी घाम न फुटता कंस शोधायचा. हे काही फाइलीत ठेवता येत नाही.

माझे विचाराल तर, तयार ओळ चिकटवली म्हणून मी कुणाला फासावर देणार नाही. भिंतीवर दिसते ना, मग चोरी कसली? भाच्याला ते पटत नाही. तो रोजचा तास संपला की पुसतो. मागच्या मंगळवारचे फार सुरेख झाले होते म्हणे. कसे होते, ते आता त्यालाही आठवत नाही.