मद्योत्पादकाचा सदुपदेश

मद्य पिऊन गाडी हाकू नका, असा उपदेश खुद्द मद्योत्पादकच करू लागला म्हणजे ऐकणारास प्रथम हसू येते. आम्ही त्या हसण्यात सामील होत नाही. अमेरिकेतील मद्याच्या मोठ्या कारखानदारांनी १९९१ साली 'सेंच्युरी कौन्सिल' ही संस्था काढून या कामी पैसा खर्च केला. त्या उपदेशाने एखाद्या वाटसरूचा प्राण वाचला असेल, तर उपदेशकाचा हेतू काय होता, हे पुसत बसण्याचे त्या वाटसरूस कारण नाही.

परंतु कृत्याची उपयुक्तता व कर्त्याची नीतिमत्ता हे दोन निराळे प्रश्न होत. कान्टने आपल्या १७८५ सालच्या ग्रंथात एका दुकानदाराचा दाखला दिला आहे. तो अजाण मुलासही रास्त भावानेच माल देतो. पण धंद्याच्या हितासाठीच देत असेल, तर त्यास नीतीचे श्रेय नाही. अशा माणसाची पारख व्हावयाची केव्हा? कर्तव्य आणि नफा यांच्या वाटा फुटतील तेव्हा.

या धंद्यात त्या कोठे फुटतात? उपरिनिर्दिष्ट संस्थेचा विशेष भर अट्टल मद्यपी चालकांवर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅम वा अधिक मद्यार्क असणारांवर राही. असा मनुष्य घातक खराच. परंतु दोन-तीन पेले घेऊन घरी निघणारा सभ्य गृहस्थ त्यामुळे सहज नजरेआड होतो, आणि त्याचा एकेक पेला कमी होण्यातच धंद्याची खरी तूट असते. यूटा राज्याने २०१७ साली कायदेशीर मर्यादा ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आणण्याचे ठरविले, तेव्हा उपाहारगृहवाल्यांच्या एका संघाने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन विरोध केला. हे विक्रेते, उत्पादक नव्हेत, हे खरे. पण पेल्यावरचा नफा दोघांचाही. पुढे सरकारी पाहणीत असे दिसले की, २०१६ च्या मानाने २०१९ साली तेथील प्राणघातक अपघातांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी उतरले.

जबाबदारी पिणाऱ्याची आहे, असे उत्पादक म्हणतो. आहेच. पण जबाबदारी ही धान्याची रास नव्हे, की एकाच्या पदरात पडली म्हणजे दुसऱ्याची उणी व्हावी. त्याने दुकान बंद करावे, असे आमचे म्हणणे नाही. आपला खप घटविणाऱ्या उपायास तो आपण होऊन संमती देईल, त्या दिवशी त्याच्या उपदेशास आम्ही नीती म्हणू. तोवर त्यास उपयुक्त जाहिरात म्हणणे, एवढेच सत्यास धरून होईल.